माझं कडवं मीच म्हणते

मी शिवणकाम करते. माझे ब्लाउज अंगावर चोख बसतात, हे मी स्वतःच सांगते, कारण ते खरं आहे. मंगलाष्टकाही मी चांगल्या लिहिते, पण हे सांगायला मात्र मला सहा वर्षं लागली.

आमच्या संगमनेरकडच्या लग्नांत फेटे बांधायला, शाली घालायला आणि पुढाऱ्यांच्या शुभाशीर्वादांना हवा तेवढा वेळ असतो. मुहूर्त टळला तरी कुणाच्या पोटात दुखत नाही. घाई होते ती मंगलाष्टकांची, कारण तोवर वऱ्हाडाला भूक लागलेली असते. हे ठाऊक असूनही सहा वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात मी माझं कडवं म्हणायला उभी राहिले. मंगलाष्टकांच्या चालीच्या ओळी लांब आणि माझा दम आखूड. तिसऱ्या ओळीनंतर श्वास घ्यायला थांबले, तर मागे कुणाला तरी वाटलं, झालं! त्याने अक्षता टाकल्या. त्याचं बघून सगळ्यांनी टाकल्या आणि बँडवाल्याने दणक्यात सुरुवात केली. अंतरपाट अजून धरलेला, नवरा-नवरी ताटकळलेली, आणि अर्धं वऱ्हाड जेवायला पळालेलं.

लोक हसले. मीही हसले, आणि घरी येऊन दोन दिवस अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय. त्यानंतर लिहिणं काही सुटलं नाही, पण म्हणायची वेळ आली की कागद दुसऱ्या बाईंच्या हातात द्यायची. "काय गोड म्हटलं हो!" असं लोक त्या बाईंना सांगायचे आणि मी शेजारी उभी राहून मान डोलवायची. फार राग यायचा. त्यांचा नाही, माझाच.

यंदा भाचीचं लग्न ठरलं. ती आली आणि म्हणाली, "मावशी, यावेळी तूच म्हणायचं. कागद दुसऱ्या कुणाला दिलास तर मी बोहल्यावर चढणार नाही."

मी हो म्हटलं, पण माझ्या बेताने. धीर करायचा म्हणजे जिवावर उदार व्हायचं असं थोडंच आहे? लग्नसराईत आणखी दोघींनी कडवी मागितली, त्यांना सरळ नाही म्हटलं. कच्चं लिखाण फक्त शेजारणीला दाखवलं. ती चूक नेमकी काढते, पण माणसाला रडवत नाही. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही टाकली नाही, तिथे बारा तोंडं आणि तेरा सल्ले. शिवणयंत्रावर बसल्या बसल्या रोज म्हणून बघितलं आणि श्वास जिथे घ्यायचा तिथे कागदावर शिवणाच्या खडूने खूण केली. लग्नाच्या दिवशी गोळी घेतली, पोटभर उपमा खाल्ला, आणि गुरुजींना बजावलं, "मी हात खाली घेईपर्यंत सावधान म्हणायचं नाही."

माईक एका हातात घेतला आणि दुसरा हात वर धरला. पहिलीच ओळ बहिणीसाठी होती:

आईने पदरात ऊन धरुनी, केली तुला सावली

नवरा गेल्यावर टोमॅटोच्या वावरात राबून बहिणीने ही पोर वाढवली. ओळ ऐकताच तिने तोंडाला पदर लावला. तिसऱ्या ओळीनंतर मी थांबले. चार-दोन अक्षता डोक्यावर पडल्याच. मी घाई केली नाही. खुणेच्या जागी पुरता श्वास घेतला आणि चौथी ओळ शेवटच्या अक्षरापर्यंत म्हटली. मग हात खाली घेतला. मला स्वतःचा आवाज आवडला, त्यात लाजायचं काय!

जेवणाच्या मांडवात बहिणीचे चुलत सासरे भेटले. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे, आणि आम्ही मुलीच्या आजोळची माणसं. चारचौघांत ते म्हणाले, "लई लांबवलंस गं बाई. भात गार झाला."

पूर्वी या एका वाक्यापायी मी आठवडाभर जेवले नसते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"व्हय आबा, लांबवलं. माझ्या बहिणीनं बावीस वर्सं उन्हात काढली, ती चार ओळीत बसवली. यापरीस आखूड मला जमायचं न्हाई."

आबा खाली बघत गार भात कालवू लागले, आणि मी माझं ताट घेऊन बहिणीशेजारी जाऊन बसले.