विनेशरावांचं शून्य

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. सकाळी नारळ उतरवले. पाण्याची मोटर पुन्हा घरघरते आहे. वकील अमिषाचा फोन: विनेश घरतांची साक्ष आजच. जनीला घेऊन अलिबागला जाणे.

विनेश घरत नागावात आमच्या शेजारच्या वाडीत राहतात. सरकारच्या आकडेवारीच्या एका खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळं गाव अजून आपल्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभं आहे असंच त्यांना वाटतं. रविवारी किनाऱ्यावर एक फेरी मारतात आणि आज पर्यटक किती आले ते जाहीर करतात. दोन हजार तीनशे सत्तेचाळीस. मोजत काही नाहीत, नुसती नजर टाकतात. आकडा मात्र नेहमी सातावर संपतो.

“गोल आकड्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, वहिनी. शेवटी सात टाकला की लोकांना वाटतं, मोजलेलं दिसतंय.”

हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. आणि अशा माणसाच्या हाती जनीच्या सुनेची सुटका गेली.

जनी आक्षीची, माझ्या दारी मासळी घेऊन येते. तिची सून मौसमी पश्चिम बंगालातल्या मेदिनीपूरची. इथल्या एका होमस्टेत स्वयंपाकाला आली आणि जनीच्या निकेतशी लग्न करून राहिली. ऑगस्टमध्ये पोलिसांनी तिला बांगलादेशी म्हणून उचललं, कारण ती फोनवर आईशी बंगालीत बोलत होती. तिचे कागद तपासायला तिच्या जिल्ह्यात पाठवले, ते तिकडेच पडून राहिले. तोवर तिला पेणच्या पुढे एका बंद गोदामात ठेवलं. मौसमीला दमा आहे. जनी फाटकापर्यंत जाऊन दम्याचा पंप शिपायाच्या हाती द्यायची आणि तो आत पोचला की नाही या काळजीत परत यायची.

अमिषाने कोर्टात मागितलं ते एवढंच: गोदामाला मंजुरी साठ माणसांची आहे, त्याहून जास्त असतील तर बायका आणि आजारी माणसं तपास होईपर्यंत जामिनावर सोडा. आता आत माणसं किती? तुम्ही-आम्ही दार उघडून मोजली असती. गोदाम ज्यांच्या ताब्यात त्या खात्याने सुरक्षेचं कारण सांगून दार बंद ठेवलं आणि कागदांवरून अंदाज काढा म्हटलं. अंदाज काढायला दोन्ही बाजूंना चालेल असा जाणकार म्हणून नाव निघालं विनेशरावांचं.

कागद तीन होते. वरच्या खात्याचा मासिक तक्ता, त्यात शून्य. पोलिसांचा अहवाल, त्यात एक्केचाळीस. पण ती प्रकरणं होती, आणि नवरा-बायको-तीन पोरं मिळून एक प्रकरण. जेवणाच्या ठेकेदाराची थाळ्यांची पावती, त्यात शहाण्णव. पण पहारेकरीही त्यातच जेवत. तीन कागदांतला एकही माणसं मोजत नव्हता. विनेशरावांनी काय केलं? तिन्हींची बेरीज करून तिनाने भागलं. पावणेसेहेचाळीसच्या आसपास आलं, ते सत्तेचाळीस करून सही ठोकली. म्हणजे गोदामात जागाच जागा.

गेल्या आठवड्यात अमिषा आणि जनी माझ्या पडवीत बसल्या होत्या, तेव्हा विनेशराव स्वतःहून आले. चहा घेतला.

“सर, त्या तक्त्यातलं शून्य कसं आलं असेल?” अमिषाने विचारलं.

“अगं, खालून कागद आला नसेल. आम्हीही तेच करायचो. रकाना रिकामा दिसला की साहेब फाईल परत फेकतो. शून्य टाकलं की मोकळं.”

जनी ताडकन उठली. “म्हंजे माजी सून त्या शून्यात हाय? आन तुमी त्याच्यावर सही केली?”

“हे बघ जनी, सही एकदा झाली की झाली. तुला हिशेब कळायचा नाही.”

“मना मासं कलतान. सडलेला मी टोपलीत ठेवत न्हाय.”

ते उठून गेले. चूक कबूल केली तर नोकरीत टाकलेल्या सगळ्या शून्यांना लोक हात लावतील, एवढं त्यांना बरोबर कळत होतं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर हजेरीत न आलेल्या मुलीच्या नावापुढे गैरहजर लिहीत. अशी मुलगीच शाळेत नाही, असं लिहिण्याची अक्कल त्यांना नव्हती. ती सरकारी नोकरीतच येत असावी.

अमिषा त्यांना कोर्टात खोटं पाडायला निघाली होती. मी म्हटलं, “चूक दाखवलीस तर तो माणूस मरेपर्यंत सत्तेचाळीसच म्हणेल. त्याला शिकवायला लाव.”

आज कोर्टात विनेशराव इस्त्रीचा सफारी घालून साक्षीला उभे राहिले. अमिषा अगदी पडत्या आवाजात म्हणाली, “सर, मला आकडेवारीतलं काही कळत नाही. हे तक्ते भरतात कसे, जरा समजावून सांगाल?”

बस्स. पाऊण तास. रकाना, कागद न येणं, साहेब, फाईल, शून्य टाकण्याची पद्धत. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

“म्हणजे या शून्याचा माणसांच्या संख्येशी संबंध नाही?”

“कसा असेल, मॅडम? ही तर कार्यालयीन सोय.”

“मग ते वगळून तुमच्याच पद्धतीने किती येतात?”

विनेशरावांनी बोटं हलवली. “साडेअडुसष्ट. पण माणूस अर्धा नसतो, तेव्हा सदुसष्ट धरा.”

साताची सवय सुटली नव्हती. खरा आकडा मला अजून ठाऊक नाही आणि कोर्टालाही नाही. पण साठाच्या पलीकडे जायला तेवढा पुरला. ज्यांचे जामीन हजर आहेत त्या बायका आणि आजारी माणसं आजच सोडा, असा हुकूम झाला. निकेत तसाच मोटरसायकलवरून पेणकडे सुटला.

बाहेर विनेशराव माझ्यापाशी आले. “पाहिलंत वहिनी, सगळं कोर्ट कसं कान देऊन ऐकत होतं? हल्ली असं समजावणारं कोणी राहिलं नाही.”

आपण काय करून बसलो ते त्यांना कळलंच नव्हतं. मी म्हटलं, “नाही हो, तुमच्यासारखं कोणी नाही.”

दिवेलागणीला निकेत मौसमीला घेऊन आधी माझ्याकडे आला. ती पायरीवर बसून नुसता श्वास घेत राहिली. जनी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि विनेशरावांच्या नावाने जे काही म्हणत होती ते मी डायरीत लिहीत नाही.

सकाळच्या नोंदीखाली लिहिलं ते एवढंच: चहा अर्धा उकळला असताना सिलिंडर संपला, दुसरा लावला.