व्हाळात उभा सगुण

सर्वणच्या बाजूच्या डोंगरातून निघणारा आमचा व्हाळ सुपारीच्या कुळागरांना पाणी पाजत डिचोलीत शिरतो, बाजाराच्या पाठीमागून अंग चोरून जातो आणि नदीला मिळतो. आमच्या घरामागे मात्र त्याची ऐट होती. तिथे खोल डोह होता, तळाशी पांढरी रेती, आणि वाड्यावरचे सगळे गणपती तिथेच विसर्जनाला जात. पहिला मान आमचा. माझे वडील बाबुराव, किराणा दुकानदार, या मानासाठी कुणाशीही भांडायला तयार असत.

गोवा मुक्तीनंतर खाणी वाढल्या, लोहखनिजाचे ट्रक धावू लागले. असाच एक ट्रक चालवणारा दोडामार्गकडचा सगुण बायको शेवंतीसह आमच्या शेजारी भाड्याने राहायला आला. माणूस देवभोळा. गाडीला गंध-फूल केल्याशिवाय चावी फिरवायचा नाही. आणि मळक्या गाडीला गंध कसे लावायचे, म्हणून रोज संध्याकाळी ट्रक डोहाकाठी आणून धुवायचा. बाल्दीमागून बाल्दी. त्याची गाडी लखलखीत, आमचा व्हाळ तांबडा. मी मागचे जनेल उघडून तोंड वाजवायची, तो मान खाली घालून हसायचा. पावसात सगळे वाहून जाईल, असे तेव्हा सगळ्यांनाच वाटायचे.

त्या वर्षी चतुर्थीला त्याला गावी जायला रजा मिळाली नाही. त्याने खोलीतच देवावर फळाफुलांची माटोळी बांधून मातीचा गणपती बसवला. विसर्जनाच्या संध्याकाळी, इथल्या मानाची कल्पना नसल्याने, तो सगळ्यांच्या आधी मूर्ती घेऊन पाण्यात उतरला. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण डोहाच्या मधोमध पोचला तरी सगुणच्या गुडघ्यालाही पाणी लागेना. त्याने मूर्ती खाली ठेवली, ती कमरेपर्यंत भिजली आणि तांबड्या गाळात टेकली.

काठावर शेवंती रडू लागली. देव पुरता बुडाल्याशिवाय विसर्जन होत नाही, आणि पाण्यात ठेवलेला देव पुन्हा पाटावर घेत नाहीत. मूर्ती कलंडू नये म्हणून सगुणने ती दोन्ही हातांनी धरली.

“ही माझ्याच गाडयेची माती,” तो म्हणाला. “मीच रोज धुवन हयसर घातलंय.”

आता बाबा त्याला फाडून खाणार, अशी माझी खात्री होती. बाबांनी आपला गणपती पाटासकट काठावर ठेवला आणि धोतर खोचले.

“तसोच धरून उबो राव,” ते म्हणाले. “आमी खणतांव.”

कुणी फावडी आणली, कुणी घमेली. सगुणच्या पायांभोवती वाड्यावरचे पुरुष गाळ उपसू लागले. मूर्ती मऊ पडत चालली होती. रंग त्याच्या मनगटांवरून ओघळत होता, सोंड सुटू लागली होती. हातातच मोडली तर, या भीतीने शेवंतीने डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरला. इतके दिवस मी तिच्या नवऱ्याला शिव्या घालत होते, त्या वेळी मात्र मीही देवाला विनवत होते.

अखेर पांढरी रेती लागली. खड्ड्यात पाणी भरले. सगुण मूर्तीला छातीशी घेऊन खाली बसला आणि दोघेही पाण्याखाली गेले. तो वर आला तेव्हा हात रिकामे होते. मागोमाग आमचा गणपती गेला, मग सगळ्यांचे.

त्यानंतर सगुणचा ट्रक कधी व्हाळात धुतला गेला नाही. पुढच्या श्रावणात तो इतर ड्रायव्हरांना घेऊन आला आणि सगळ्यांनी मिळून डोह उपसला. आज हा व्हाळ वाहतो आहे तो त्या माणसामुळे, आणि मी त्याची मनापासून ऋणी आहे.

डोह उपसल्यानंतरच्या चतुर्थीला त्याला रजा मिळाली होती. तरी विसर्जनाच्या संध्याकाळी तो गणपती घेऊन डोहाकाठी हजर, आणि या खेपेला सगळ्यांच्या मागे उभा. बाबांनी विचारले, “गांवाक कित्याक गेलो ना रे?”

“गावचो गणपती भावाकडे आसा,” सगुण म्हणाला. “हयलो माझ्या हातात इरघळलो. आता मी खय जातलंय?”

 आपला पाट घेऊन बाबा बाजूला सरकले आणि त्याला पाण्याकडे वाट करून दिली.