आठ सरळ पावलं

सकाळी पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी तुरतुरी भिंतीला हात लावून ठेवायची. मग उजवी टाच जमिनीला टेकली की खिळा ठोकल्यासारखी कळ थेट पोटरीपर्यंत चढायची. पलंगापासून मोरी जेमतेम दहा पावलांवर. तेवढं अंतर कापताना रोज तिच्या नाकी नऊ यायचे. तोंडात देवाचं नाव, मनात शिव्या.

तुरतुरी हे नाव तिला लॉन्ड्रीतल्या बायांनी ठेवलेलं, तुरुतुरु चालायची म्हणून. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती मोठी लॉन्ड्री. तिथे ती एकवीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होती. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चार कोपरे धरून चादर ताणायची, चार पावलं पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा मिळवायचा, परत चार पावलं मागे. दिवसाला सहाशे चादरी, खाली सिमेंटची फरशी. त्या फरशीनेच टाच खाल्ली, असं तिचं ठाम मत होतं.

गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी तळवा दाबून सांगितलं होतं, की टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टी असते, ती सुजली आहे. हाडाला काही नाही, फोटोत काही दिसणार नाही. "दुखणं मोठं नाही हो, पण चिवट आहे. फार वेळ उभं राहू नका, म्हणजे झालं." यावर तुरतुरी इतकी हसली की डॉक्टरीणबाईही ओशाळल्या.

दीड वर्ष झालं त्याला. मऊ चपला झाल्या, शेक झाला, तेल झालं. नवरा बिचारा रोज पाण्याची बाटली बर्फाच्या खणात ठेवायचा आणि सकाळी चहाबरोबर तिच्या पायाखाली सरकवायचा.

"अगं, एक बाटली डोक्यावरही ठेव," तो म्हणायचा.

"अहो, डोकं शाबूत असतं तर त्या लॉन्ड्रीत राहिले असते का?" ती बाटलीवर तळवा फिरवत म्हणायची. दोघं हसायची. दुसऱ्या दिवशी टाच होती तशीच.

खरी भीती मुकादमाची होती. माणूस दुष्ट नव्हता, पण लंगडणारं कुणी दिसलं की म्हणायचा, "बाई, उद्यापासून घरीच आराम करा." तसा आराम याआधी दोन बायांच्या वाट्याला आला होता. म्हणून मुकादम दिसला रे दिसला, की तुरतुरी दातावर दात दाबायची, हनुवटी वर करायची आणि टाच अख्खी टेकवून सरळ चालायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! हे तिने इतकं घटवलं होतं, की समोर चादर धरणारी जोडीदारीणसुद्धा कधी कधी विसरायची.

यातून सुटायची वाट एकच होती. खिडकीपाशी रफूचं टेबल होतं आणि त्याला खुर्ची होती. रफूवाल्या आजी या महिन्यात काम सोडणार होत्या. कंपनीच्या डॉक्टरांनी 'बैठं काम द्यावं' असं लिहून दिलं, तर मुकादमालाही नाही म्हणता येत नसे. पण हे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे, तेही अकरा वाजता, आणि अकरापर्यंत तिचा पाय चालून चालून तापलेला असायचा, कळ बोथट झालेली असायची. मागच्या महिन्यात त्यांनी तिला चालवून बघितलं आणि लिहिलं, 'चाल नीट.' ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि तिचं तर ठरल्या वेळी जळतही नव्हतं.

जोडीदारणीनेच युक्ती सांगितली. "या वेळी अर्धी रजा टाक आणि तासभर नुसती बसून राहा. पाय गार पडला की तोच बोलेल."

तुरतुरीला ते पटलं. ती दहा वाजता आली आणि डॉक्टरांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसली. एकवीस वर्षांत त्या इमारतीत ती इतका वेळ कधी बसली नव्हती. खुर्ची मिळाली तर रोज असं बसायचं, या विचाराने तिला चोरी केल्यासारखा आनंद झाला. मधे तिने हळूच टाच टेकवून पाहिली. कळ आली, अगदी घरच्यासारखी. तिला हायसं वाटलं.

अकराला दार उघडलं. आतून यादी घेऊन मुकादम बाहेर आला आणि त्याने तिलाच हाक मारली.

ती उठली. टाच टेकली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि समोर मुकादम. दातावर दात आपोआप दाबले गेले, हनुवटी वर गेली. बाकापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत आठ पावलं ती ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ चालत गेली. स्टुलावर टेकल्यावर तिला कळलं आपण काय करून बसलो. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म म्हणजे नुसती सवय.

"छान चालता की," डॉक्टर कागदातून मान वर करून म्हणाले.

"नाही साहेब, थांबा, परत चालून दाखवते." ती उठली. आता तिने पायाला मोकळं सोडलं. पाय खराच लचकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, भिंतीला हात लावावा लागत होता. पण ते तिचं तिलाच नाटक वाटलं.

डॉक्टर हसले. "अहो, येताना तर बऱ्या होतात."

"साहेब, हे खरं आहे. मघाचं खोटं होतं."

"लंगडायचं सोंग करणारे फार भेटतात मला. नीट चालायचं सोंग केलं म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या," ते म्हणाले आणि लिहू लागले. चपला काढा, असंही त्यांनी म्हटलं नाही. बाहेर चौदा जण थांबले होते.

तेवढ्यात यादी घेऊन मुकादम आत आला. तुरतुरीने त्याच्याकडे पाहिलं. आता तरी सांगावं का, की दीड वर्ष तुम्हाला फसवत होते? सांगितलं तर खुर्ची नाहीच, उद्याची चादरही नाही. 

"साहेब," मुकादमच म्हणाला, "एकवीस वर्षं बघतोय. अख्ख्या लॉन्ड्रीत हिच्यासारखं चालणारं कुणी नाही."

तो मनापासून कौतुक करत होता. डॉक्टरांनी सही केली आणि पुढचं नाव घ्यायला सांगितलं.