पॅनेलवरच्या कुरडया

आमच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलांनी आजवर सगळ्यात भरघोस उत्पादन दिलं असेल, तर ते कुरडयांचं.

वीजही देतात. नाही असं नाही. पण कुरडया जास्त भरवशाच्या.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, कराडला लागून असलेल्या मलकापुरात राहतो आणि शिरवळपासून सांगलीपर्यंत जिथे माइक असेल तिथे 'ऊर्जाबचत : वसुंधरेचं ऋण' या विषयावर बोलतो. माणसानं वीज पर्यावरणासाठी वाचवावी, बिलासाठी नव्हे, असा माझा आग्रह. बिलासाठी वीज वाचवणं म्हणजे देवळात जाऊन नुसती चपलांची राखण करणं! (या वाक्याला हमखास टाळ्या पडतात.) त्या घेऊन घरी आलो, की आई दारातच विचारते, "आज पाकीट दिलं, का निस्त्या नारळावर भागवलं?"

आईनं आयुष्यात एकही व्याख्यान ऐकलेलं नाही, आणि तिच्याइतकी वीज वाचवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. वडील फौजेत होते. घरात ती एकटी कारभारी. ती सवय अजून आहे. आपण खोलीतून बाहेर पडताना मागचा पाय उंबऱ्यावर असतो, तेवढ्यात दिवा गेलेला असतो. पाणी प्यायला उठावं, तर परत येईतो पंखा शेवटची गिरकी घेत असतो. थंडीत ती फ्रीज बंद करते. "भायेर काय कमी गार हाय?" माझी बायको शैला तिला 'घरगुती भारनियमन' म्हणते. (अर्थात हळू आवाजात. शैला सासूला आत्याबाई म्हणते आणि भिते.)

असं सुरळीत चाललं असताना शैलाच्या थोरल्या भावाला पुरस्कार मिळाला.

बापूराव सांगलीला हळदीचा व्यापार करतात. तिथल्या एका निसर्गप्रेमी मंडळानं त्यांच्या बंगल्याला 'हरित घर' म्हणून गौरवलं. मला पुरस्कारांचा मोह नाही. शाल-श्रीफळाच्या संस्कृतीवर मी एक बऱ्यापैकी बोचरा लेखही लिहिलेला आहे. पण मेहुण्याला मिळालेला पुरस्कार हा पुरस्कार नसतोच, तो रोजच्या जेवणातला विषय असतो. बापूराव सकाळच्या 'सुप्रभात'लाही त्या स्मृतिचिन्हाचाच फोटो पाठवायला लागले. शेवटी मी गच्चीवर सौर पॅनेल बसवून घेतले.

नारळ फोडल्यावर मी घरच्यांना दोन शब्द सांगितले. कोळसा, धूर, वितळणारा बर्फ वगैरे. आईनं ऐकून घेतलं.

"म्हंजे बिल येनार न्हाई?"

"आई, बिल हा दुय्यम मुद्दा आहे."

"बरं. मग तो दुय्यम तेवढा नीट सांग."

पहिले काही महिने बिल खरोखर नावापुरतं आलं. मोबाइलवर एक ॲप होतं, त्यात दिवसभरात किती वीज तयार झाली त्याची डोंगरासारखी रेघ दिसायची. वर्गात, बैठकीत, लग्नाच्या पंगतीत मी तो डोंगर लोकांना दाखवायचो. लोक श्रीखंड वाढून घेता घेता 'व्हय व्हय' म्हणायचे.

मग एप्रिल आला आणि डोंगर खचला! ऊन असं की डांबर पाघळतंय, आणि आमची रेघ मात्र सकाळी उठून जेमतेम उभी राहायची आणि नऊच्या सुमारास पुन्हा आडवी व्हायची. पॅनेलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सर, सावली येतीय का बघा की जरा." मी त्याला नम्रपणे सांगितलं की मी भूगोलाचा माणूस आहे, आमच्या गच्चीजवळ झाड नाही, आणि मलकापुरात सावली असती तर आम्ही तिच्यात बसलो नसतो का?

वास्तविक गच्चीवर जाऊन बघणं हा एक मार्ग होता. पण आमचा जिना लोखंडी आणि गोल आहे, आणि माझे गुडघे त्या वळणाचे नाहीत. त्यामुळे मी खालीच बसून सिद्धांत मांडले. आधी हायवेच्या कामाची धूळ. मग वातावरणातली आर्द्रता. शेवटी, अति उष्णतेनं पॅनेलची क्षमता घटते, हे वाचनात आलं (हे खरं आहे), आणि त्यावर शिरवळला मी पाऊण तास बोललोही. 'सूर्यच सूर्याचा शत्रू' असं शीर्षक होतं. टाळ्या पडल्या.

मे महिन्यात बापूरावांचा फोन आला. यंदा मंडळ सातारा जिल्ह्यातलीही घरं बघणार होतं. गतवर्षीचे मानकरी म्हणून परीक्षक समितीत स्वतः बापूराव होते. "दाजी, तुमचं नाव मीच सुचवलंय. पण नातं हाय म्हणून सूट न्हाई हं! घरातल्या सगळ्यास्नी प्रश्न विचारणार."

शाल-श्रीफळावरचा तो लेख मी कपाटात खाली सरकवला आणि तयारीला लागलो. समिती भर दुपारी येणार. मी ठरवलं, पडदे उघडे, खिडक्या उघड्या, पंखे बंद, माठातलं पाणी. एकही बटण चालू दिसता कामा नये. आईला आणि शैलाला समोर बसवून मी एकच वाक्य पाठ करून घेतलं, 'आम्ही वीज वसुंधरेसाठी वाचवतो.'

"दिवा लावायचा न्हाई, पंखा लावायचा न्हाई," आई म्हणाली. "मग रोज मी काय येगळं सांगते?"

"तेच. आज फक्त तुझ्या मनासारखं होऊ दे."

"येनार कोन म्हनलास?"

"मंडळाचे अध्यक्ष आणि आपले बापूराव."

आईचा पदर खोचणारा हात थांबला. "बापूराव? सोयरं येनार हायती, आन् तू मला आत्ता सांगतूस व्हय रं?"

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी खादीचा कुर्ता चढवायला आत गेलो. (खादीला इस्त्री तेवढी विजेची चालते, असं शैला म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.) बाहेर आलो, तर गाडी दारात आणि आमचा हॉल लग्नाच्या कार्यालयासारखा झगमगत होता!

सगळ्या ट्यूब चालू. दोन्ही पंखे पाचवर. वास्तुशांतीला घेतलेलं आणि वास्तुशांतीनंतर कधीही न लागलेलं झुंबर चालू. कूलर खुर्च्यांच्या दिशेनं तोंड करून गर्जत होता, टीव्हीवर कुस्त्या चालल्या होत्या, आणि कोपऱ्यात गणपतीतली लुकलुकती माळ सुद्धा! बाहेर ऊन रणरणत होतं, तरी आमची खिडकी बाहेर उजेड पाडत होती.

मी बटणांकडे झेपावलो.

"हात लावायचा न्हाई!" आई आडवी आली. "सोयऱ्याला अंधारात बसवतूस? सांगलीभर व्हईल, भैनीच्या घरात उजेड बी परवडंना म्हनून!"

"आई, दुपार आहे! बाहेर सूर्य आहे!"

"सूर्य काय आपला हाय? तो समद्यास्नीच हाय. पाव्हन्यास्नी आपला उजेड दावायचा असतो."

मी माळ बंद केली. तिनं लावली. मी कूलर बंद केला, तिनं माळेकडून परतताना तोही लावला. मी टीव्हीपाशी पोचलो तेव्हा दारात अध्यक्ष उभे होते. निवृत्त इंजिनिअर, छातीवर हिरव्या पानाचा बिल्ला. त्यांच्यामागे बापूराव झुंबराकडे बघत होते.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "प्रकाश भरपूर आहे."

"या पाव्हनं, बसा, पंख्याखाली बसा," आई म्हणाली. मग तिची नजर फाटकाकडे गेली. अध्यक्षांची गाडी सुरूच होती. गाडी गार राहावी म्हणून ड्रायव्हर एसी लावून आत बसला होता. (हरित समितीची गाडी!) आई तशीच बाहेर गेली आणि काचेवर टकटक केली. "आवं, गाडीत एकलंच काय बसलाय? बंद करा ती, आत या, च्या घ्या." ड्रायव्हर ओशाळून आत येऊन बसला. त्या दुपारी आमच्या घरी ऊर्जेची झालेली बचत ती तेवढीच.

अध्यक्षांनी चहा घेतला, घसा खाकरला. "आजी, आम्ही सगळीकडे एक प्रश्न विचारतो. तुम्ही एरवी वीज वाचवता ना? ती पर्यावरणासाठी, का पैशासाठी?"

मी डोळ्यांनी 'वसुंधरा' म्हणालो. आईनं माझ्याकडे बघितलं.

"ह्यो म्हनला, वसुंधरेसाठी म्हनून सांग."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी कशाला काय म्हनू? पंख्याखाली कोन बसलं नसलं की मी बंद करते. तुमी चालू ठेवता व्हय?"

अध्यक्षांनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हरनं बशीत बघितलं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आणि सर, तुम्ही?"

"ह्यांना नका विचारू," शैला चहाचे कप गोळा करत म्हणाली. "ह्यांच्या लॅपटॉपचा चार्जर बारा महिने भिंतीला लोंबतोय. आत्याबाईच काढतात."

पुरस्कार हातातून चालला होता. आता एकच आशा होती. मी म्हणालो, "आपण पॅनेल बघू या!"

गुडघ्यांना हात जोडून मी जिना चढलो. माझ्यामागून समिती, तिच्यामागून ड्रायव्हर. (त्याला आता कुणी थांबवत नव्हतं.) वर पोचलो आणि मी तोंड उघडून उभा राहिलो.

सगळे पॅनेल पांढरेशुभ्र होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत वडिलांची जुनी धोतरं ताणून बसवलेली, आणि त्यांवर ओळीनं, मापात, कवायतीला उभ्या केल्यासारख्या कुरडया! वरच्या रांगेला हात पोचावा म्हणून पॅनेलाशेजारी वडिलांची काळी फौजी ट्रंक ठेवलेली. खिशातल्या मोबाइलवर रेघ आडवी पडलेली असणार, हे बघायचीही गरज नव्हती.

"दाजी," बापूराव म्हणाले, "हे कुठलं मॉडेल म्हणायचं?"

"आवं, तिकडं हात नगा लावू," आई जिन्यातूनच ओरडली. "खालच्या वळीतल्या अजून वल्ल्या हायती!" वर येऊन तिनं श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघता पाव्हण्यांना सांगायला लागली. "लय ब्येस वाळत्यात हितं. काच तापती, उतार हाय, मांजराचा पाय घसरतो. फरशीवर दोन दीस लागायचं, हितं एका दिसात कडाकड."

"आई! अगं, ऊन पॅनेलना लागतं! त्यावर वीज होते!"

"मग? धोतरं पातळ हायती की. उनाला काय अडवत्यात? आन् ऊन काय निस्त्या करंटलाच हाय? कुरडयास्नी नगं?"

मी आईमागून वर आलेल्या शैलाकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"मी तर चीक घाटायला असते," ती म्हणाली. "तुम्ही रोज फोनवर बघत होता की. मला वाटलं, दिसत असतील."

'सूर्यच सूर्याचा शत्रू' हे शीर्षक मला आठवलं. शिरवळकरांच्या टाळ्याही आठवल्या.

अध्यक्षांनी खालच्या ओळीतली एक ओलसर कुरडई उचलून तोंडात टाकली. बराच वेळ चावली. मग दुसरी उचलली. बापूराव मात्र आईच्या जवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, धोतारच लागतं का, साडी चालती?"

आठवड्यानं त्यांचा फोन आला. "दाजी, अभिनंदन! पुरस्कार आपल्या घरात आला!"

"अहो बापूराव," मी विनयानं म्हणालो, "मी असं काय केलं?"

"तेच समितीचं बी म्हणणं पडलं. मावशीस्नी मिळालाय." अध्यक्षांच्या मते, उन्हाची आधी वीज करायची आणि मग त्या विजेवर काही वाळवायचं, यापेक्षा थेट उन्हात वाळवणं केव्हाही शास्त्रीय. शिवाय त्या दिवसापासून त्यांचा ड्रायव्हर गाडी बंद करून थांबायला लागला होता. "कार्यक्रमाला मावशीस्नी घेऊन या. आणि तुमचं भाषण नको म्हणालेत. वेळ कमी हाय."

सांगलीत आईचा सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसून तिची पिशवी सांभाळली. (चपलाही.) स्मृतिचिन्ह म्हणून काचेची पृथ्वी मिळाली. आत दिवा आहे, वायर जोडली की वसुंधरा निळी-हिरवी उजळते. आमच्या हॉलमध्ये ती दिवसरात्र काळोखी असते. फक्त फाटक वाजलं आणि कुणी आलं, की आई लगबगीनं बटण दाबते. वीज पर्यावरणासाठी वाचवायची की पैशासाठी, या प्रश्नाला आमच्या घरात तिसरंच उत्तर आहे. पाव्हणे नसतात म्हणून वाचते.

परवा सुट्टीच्या दिवशी मी त्या पृथ्वीशेजारी बसून नवं व्याख्यान लिहीत होतो. भर दुपार, घामाच्या धारा. आई आली आणि जाता जाता तिनं पंख्याचं बटण बंद केलं.

"आई! मी बसलोय ना इथं! पंख्याखाली माणूस आहे!"

तिनं मागे वळून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू काय पाव्हना हायस?"

पंखा थांबला. मी कुर्त्यानं घाम पुसला आणि व्याख्यानाचं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, 'मित्रहो, बचतीची सुरुवात प्रत्येकानं आपल्या घरातल्या माणसांपासून करावी.'