टेकलेला हात

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेलं होतं. खुर्चीत बसली तरी एक पाय हलत असायचा. चहासुद्धा उभ्यानेच. लहान मुलांसाठी टॅबलेटवर अक्षरं गिरवायचं ॲप ती बनवत होती, आणि कोटलिन ही प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे तिच्या हातचा मळ. पण घरी सहा वर्षांच्या लेकीला साधा ‘अ’ काढता येईना. पोरगी पेन्सिलच धरत नाही, असं वर्गाच्या बाईंनी सांगितलं आणि तेव्हापासून भिंगरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. निघाली जगाच्या पोरांना शिकवायला, आणि घरात दिव्याखाली अंधार!

म्हणून ॲपचं पहिलं गिऱ्हाईक लेकच. रेघ चुकली की ॲप बोलायचं, तो आवाजही भिंगरीचाच, घाईघाईत रेकॉर्ड केलेला: “चुकलं. परत कर.”

लेकीने बोट फिरवलं की चुकलं. परत केलं तरी चुकलं.

“अगं, लक्ष कुठंय तुझं?” भिंगरी येरझाऱ्या घालत म्हणायची. “कॉम्प्युटरवर मी माउसने काढते, तेव्हा बरोबर येतं की!”

“मला येतच नाही,” लेक म्हणायची. पुढे पुढे तर ती टॅबलेट उशीखाली दडवायला लागली.

“पोरीला काय दामटतेस? तूच जरा बस,” म्हणत नवऱ्याने एकदा भिंगरीला खांद्याला धरून लेकीशेजारी बसवलंच. बसली म्हणून दिसलं. लेक उजव्या हाताने गिरवत होती आणि डावा पंजा काचेवर टेकवत होती, वही सरकू नये म्हणून धरतात तसा. ॲप त्या पंजालाही बोट समजून त्याचीही रेघ धरत होतं. माउसला कुठला आलाय डावा हात!

“हात उचल! तो हात उचल आधी!” भिंगरी ओरडलीच. लेकीने दचकून हात पाठीमागे नेला, आणि ‘अ’ बरोबर आला. पोरगी पहिल्यापासून बरोबरच काढत होती. भिंगरीने कपाळाला हात लावला.

टेकलेला हात हिशेबात धरायचा नाही, एवढंच ॲपला शिकवायचं होतं. चार ओळींत काम झालं. ते ‘चुकलं’ही तिने काढून टाकलं. ॲप शाळांमध्ये गेलं, साहेबांनी पाठ थोपटली.

लेक आता वहीत लिहिते, पण डावा हात पाठीमागे ठेवून. कागद सरकतो, अक्षर फरफटत जातं. भिंगरीला ते बघवेना.

“हात टेक ना गं. कागद धर.”

“नको. तू ओरडतेस.”

“मी कुठे? ते ॲप होतं, राणी. आता नाही ओरडत ते.”

“तुझाच तर आवाज होता.”

भिंगरीने कागदाच्या कोपऱ्यावर आपलाच पंजा टेकवला आणि पोरीचं पान भरेपर्यंत ती बसून राहिली. टेबलाखाली पाय हलत होता. हात मात्र तिने हलू दिला नाही.