दसऱ्याला फुटलेलं इंजिन

हे मी अजून कुणापाशी काढलेलं नाही. मुलापाशी नाही, भजनातल्या सोबत्यांपाशी नाही. जिच्यापाशी काढायचं होतं ती सुनंदा, माझी बायको, गेल्या श्रावणात गेली. आता तुला सांगतो. तू कोण ते मला माहीत नाही, ते बरंच आहे.

शिक्षण माझं चौथी. वाकडंतिकडं होईल, चालवून घे.

गिरण्यांच्या संपानंतरची गोष्ट. मला परत कामावर घेतलं नाही. मरोळला चाळीत खोली होती, दिवसभर दारात बसून असायचो. तेव्हा सुनंदाच्या धाकट्या भावाने, वसंताने, जुना टेम्पो घेतला आणि चावी माझ्या हातात ठेवली. भावोजी, गाडी माझी, चालवणार तुम्ही. दसऱ्यापासून साकीनाक्याच्या कारखान्यांचा माल उचलायचं ठरलं. एवढा विश्वास कोण टाकतं, सांग?

टेम्पोला भंगारातून आणलेलं परदेशी डिझेल इंजिन बसवलं होतं. त्यात साखळीच्या जागी रबराचा दातेरी पट्टा – टायमिंग बेल्ट. वरचं चाक आणि खालचं चाक तो एका तालात फिरवतो. ताल चुकला की आतले वॉल, म्हणजे झडपा, पिस्टनवर आपटतात, इंजिन खलास. पट्टा चिरला होता. वसंताने कुठून तरी नवा पैदा केला आणि म्हणाला, मेकॅनिककडे नेऊ. मी म्हटलं, गिरणीत मोठाली यंत्रं खोललीत मी, ह्या पट्ट्याचं काय घेऊन बसलास? दारातच घालतो.

फुशारकी. दुसरं काय?

दसऱ्याच्या सकाळी पट्टा चढवला. वरचं चाक वॉलच्या स्प्रिंगांच्या जोराने झटका मारतं, म्हणून कुणीतरी त्याला पाना लावून धरावं लागतं. सुनंदाने धरलं. पदर खोचून, दोन्ही हातांनी, ओठ दाबून. पट्टा बसेपर्यंत हलली नाही. खुणा बरोबर जुळल्या. राहिला एक नट, पट्ट्याला ताण देणाऱ्या छोट्या चाकाचा. तो मी नुसता बोटांनी फिरवून ठेवला होता. तेवढ्यात वसंता झेंडूचा हार घेऊन आला. सुनंदाने विचारलं, "झालं का ओ? हत्यारं पूजेला घेऊ?"

"झालं," मी म्हटलं.

त्याच्यासमोर अर्धवट काम कसं दाखवणार? वाटलं, नंतर आवळू. पण तिने माझे पाने धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. मग हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. चाळ गोळा झाली. वसंता हसला, "काय भावोजी, मेकॅनिक लोकांच्या पोटावर पाय देणार तुम्ही. मारा स्टार्टर."

नट ढिला आहे, पट्टा दात सोडू शकतो, हे मला माहीत होतं. थांब रे, एक नट राहिलाय – एवढंच बोलायचं होतं. लोक हसले असते. बस, एवढंच झालं असतं ना?

मी चावी फिरवली.

आत लोखंड लोखंडावर आपटलं. मग इंजिन गप्प. वसंता माझ्याकडे वळला. आणि मी – मी सुनंदाकडे बोट केलं. "हिचा हात सुटला असणार. नीट धर म्हटलं होतं."

"मी नाय सोडलं ओ."

"मग इंजिन काय आपोआप फुटलं?" मी ओरडलो.

ती स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. वसंता म्हणाला, "जमत नव्हता तर हात कित्याक घातलंस गो बाय?"

संध्याकाळी सगळे आपट्याची पानं वाटायला गेले. तेव्हा मी पाटावरचा पुजलेला पाना उचलला आणि तो नट आवळला. उद्या कुणी उघडून बघितलं तर? हे मी केलं. घाबरून नाही, शांतपणे केलं.

त्या इंजिनाचा आतला एकही पार्ट मुंबईत मिळाला नाही. टेम्पो भंगारात गेला, वसंता गावी गेला. भाऊबीजेला सुनंदा ताट लावून बसली. तो आला नाही. पुढेही कधी आला नाही. पहिल्या वर्षी माझी जीभ भीतीने उचलली नाही, असं म्हणू. नंतरच्या वर्षांना काय म्हणू?

तिने ते खरं धरलं. वाईट ते हेच. शेजारणीची काचेची बरणीसुद्धा हातात घेत नसे. नातू झाला तेव्हा आधी खाली बसायची, मग म्हणायची, आता द्या मांडीवर. उभ्याने तिने त्याला कधी घेतलंच नाही. माझा हात दगा देतो, म्हणायची. मी ऐकायचो. चहा प्यायचो.

शेवटच्या दुखण्यात एकदा म्हणाली, "त्या टेम्पोचं मनात ठेवू नका. माझ्यामुळे तुमचा धंदा बुडाला."

मी तोंड उघडलं. खरं अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी म्हटलं, "ते मी कधीच माफ केलं."

तिला माझ्या पाया पडायचं होतं, पण उठता येईना. म्हणून पडल्या पडल्याच तिने हात जोडले.

मी जोडू दिले.