सतरा एकांची संख्या

अण्णा गेल्याचा निरोप मला कारखान्याच्या फाटकावर मिळाला. माझे थोरले भाऊ, कॉलेजात गणित शिकवत. महिना होऊन गेला, पण त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोललं की मला त्यांचा ओशाळलेला चेहरा आठवतो…

सतरा वेळा एक लिहिला की जी संख्या होते, तिनं त्यांना झपाटलं होतं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, कशानंच तिला भाग जात नाही. तिला भागणारी मूळ संख्या असलीच, तर त्या मूळ संख्येला चौतीसनं भागून एकच उरला पाहिजे, हे ते आम्हाला जेवताना समजावत. अशी संख्या नाहीच, सतरा एकांची संख्या स्वतःच मूळ आहे, हे आपण सिद्ध केलं असं त्यांना वाटलं. व्याख्यानं झाली. कॉलेजनं सत्कार ठरवला.

सत्काराआधी त्यांची विद्यार्थिनी वसुधा गावातल्याच मल्लेश्वरम भागातून घरी आली. तिच्या वडिलांच्या कचेरीत हातानं फिरवायचं गणनयंत्र होतं. त्यावर तिनं सुट्टीभर भागाकार केले होते. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसनं भाग जातो, म्हणाली. अण्णांनी माझ्यासमोरच गुणाकार करून पाहिला. ओळीनं सगळे एक आले.

मग म्हणाले, “कुणाला सांगितलंस?”

“नाही, सर. आधी तुमच्याकडे आले.”

“मग स्वल्प दिवस कुणाला सांगू नको. मी बघतो.”

ती “सरी, सर” म्हणत होकारार्थी मान हलवून गेली. सत्कारात अण्णांनी शाल घेतली तेव्हा ती सभागृहात मुलींच्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात उभं राहून सगळं सांगितलं, शाल परत केली आणि वसुधाच्या घरी गेले. परत येऊन वहिनींना म्हणाले, “चूक कुणाचीही होते गं. पण मी त्या पोरीला गप्प बसवलं.” तिनं गणित सोडून वनस्पतिशास्त्र घ्यायचं ठरवलं होतं. ती त्यांना म्हणाली होती, “मला राग नाही, सर. पण आता तुम्ही शिकवलेलं खरं वाटणार नाही.”

त्यानंतर अण्णांनी व्याख्यान दिलं नाही. पोरं मागून ‘एक-एक सर’ म्हणत. ते ऐकून घेत. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. रस्त्यात वसुधाचे वडील दिसले की मात्र ते मान खाली घालत…

गेल्या आठवड्यात वसुधा भेटायला आली. वहिनींनी तिला अण्णांच्या खोलीत नेलं. टेबलामागच्या फळ्यावर तो गुणाकार अख्खा लिहिलेला आहे, वर तिचं नाव. खडू फिका झाला की अण्णा त्यावरून पुन्हा गिरवत. वसुधा जवळ गेली, उजवीकडच्या शेवटच्या आकड्याखाली बोट धरलं आणि ओठ हलवत, हातचे मोजत, एकेक ओळ तपासू लागली. मी आणि वहिनी दाराशीच थांबलो. आत जायची आम्हाला लाज वाटत होती.